बोल्टचा काळा रंग उडाला, म्हणून संशय कुणावर घ्यायचा?

पत्र थोडक्यात

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी लिहिलं आहे. वडिलांच्या माघारी त्यांची ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल रीतसर परवान्यासह यांच्या नावावर झाली. सहा-सात वर्षांत तिच्यातून एकही गोळी झाडलेली नाही. दसऱ्याला पूजेत मांडायची, पुसायची, परत कपाटात. या वेळी पूजेआधी बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या गजावर) गंजाचे ठिपके दिसले, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून गंज काढायचं लिक्विड आणून कापसाने लावलं. पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं, पुतण्यांनी आणि पाहुण्यांनी बोल्ट मागेपुढे करून पाहिला. दोनच दिवसांनी निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि रायफल नाशिकमधल्या एका परवानाधारक शस्त्रदुकानात जमा करावी लागली. दोन महिन्यांनी परत आणली तेव्हा बोल्ट ओळखू येईना. डाव्या बाजूचा लग (बोल्टला जागेवर अडकवून धरणारा उंचवटा) चांदीसारखा चकचकीत, उजव्या बाजूचा काळाच. बोल्टच्या मागच्या भागावर राखाडी डाग, त्यांची कड सुरीने कापल्यासारखी. बोल्ट फिरवायच्या दांड्यावर लालसर ठसे. ‘दुकानात कुणीतरी माझी रायफल वापरली, नाहीतर बोल्टच बदलला,’ अशी त्यांची खात्री आहे. त्यांचे प्रश्न दोन: दुकानावर तक्रार करू का? आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या कारखान्यात बोल्टचं ब्लॅकोडायझिंग (रसायनाने पोलाद काळं करणं) करून घेऊ का, म्हणजे निदान वडिलांच्या वेळी होता तसा दिसेल?

उत्तर

नमस्कार भाऊ,

वडिलांची वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून परत आली आणि वेगळी दिसली, की मनात पहिला विचार तुमच्यासारखाच कुणाच्याही येईल. पण तक्रारीचा कागद लिहायच्या आधी बोल्ट पुढ्यात घ्या. धातूवरची खूण कुठे आहे, तिचा आकार कसा आहे आणि बोटाला ती कशी लागते, एवढं नीट पाहिलं तर बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात. तुमच्या पत्रातल्या तीन खुणा एकाच कारणाच्या नाहीत. त्या तीन वेगवेगळ्या कारणांनी उमटल्यात, असं मला वर्णनावरून वाटतं.

आधी रायफल रिकामी करून घ्या. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) उजेडात डोकावा आणि करंगळी घालून चाचपा. डोळ्यांनी पाहिलं तरी बोटाने पाहायचंच. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बोल्ट पूर्ण मागे ओढा, बोल्टचं डोकं उजव्या बाजूने अंगठ्याने वर उचला, ते पट्टीतून सुटेल आणि बोल्ट मागे निघून येईल. एवढंच काढायचं. डोकं आट्यांवरून फिरवून वेगळं करू नका, आणि आतली फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई) व तिला पुढे हाणणारी मेनस्प्रिंग यांना हात लावू नका. त्यासाठी वेगळं हत्यार लागतं आणि स्प्रिंग जोरदार असते.

आता तुमच्या सगळ्यात मोठ्या शंकेचा निकाल दोन मिनिटांत लागतो. या जातीच्या रायफलीत बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, मागच्या बाजूला, नंबर ठोकलेला असतो. तो रिसीव्हरवरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या सांगाड्यावरच्या) नंबराशी आणि परवान्यातल्या नंबराशी जुळवा. जमा पावतीवर नंबर असेल तर तोही पाहा. हळदकुंकवाचा थर खाचांत बसला असेल तर तेलाच्या फडक्याने पुसून घ्या, खरवडू नका. नंबर जुळला तर बोल्ट तुमचाच आहे आणि तो विषय संपला. जुळला नाही तर मात्र रायफल अजिबात वापरायची नाही. बोल्ट आणि रिसीव्हर एकमेकांना बसवून जोडलेले असतात. परका बोल्ट आत गेला, बंद झाला, तरी काडतुसाच्या बुडामागची जागा बरोबर राहीलच असं नाही. अशा वेळी जिथे जमा करायचा आदेश आला ते पोलीस ठाणे आणि तुमचा परवाना देणारं जिल्हाधिकारी कार्यालय, दोन्हीकडे लेखी कळवा. (नाशिक शहरातल्या वाचकांसाठी हे काम पोलीस आयुक्तालयाकडे असतं.)

मी पुढचं सगळं नंबर जुळला असं धरून लिहितो.

बोल्टवरचा काळा रंग हा रंग नाही, हे आधी लक्षात घ्या. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या उकळत्या द्रावणात भाग बुडवला की पृष्ठभागावरच तो तयार होतो. जाडी जेमतेम एक मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हा थर केसाच्या सत्तराव्या हिश्शाएवढा. जिथे धातू धातूवर घासतो तिथून तो जाणारच. लष्करी रायफलींवर बऱ्याचदा फॉस्फेटचा थर आणि वरून भट्टीत भाजलेला काळा रंग असतो. तो जाड असतो आणि उडतो तो टवके निघून. तुमच्या बोल्टवर टवके नाहीत, चकाकी आहे. म्हणजे इथे पातळ काळा थर घासला किंवा विरघळला आहे.

पहिली खूण, चकचकीत लग. इथे तुमच्या रायफलीची घडण समजून घ्यावी लागेल, कारण तुमच्या संशयाचं मूळ याच खुणेत आहे. ही ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि रिसीव्हरची यंत्रणा, जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातली. हिचे लग बोल्टच्या मागच्या भागात असतात: डावीकडे आखूड लग आणि उजवीकडे लांब पट्टी, जिचं मागचं टोक रिसीव्हरच्या खांद्याला टेकतं. आणि ही रायफल कॉक होते, म्हणजे झाडायला सज्ज होते, ती बोल्ट बंद करताना, उघडताना नव्हे. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात हाताला जोर लागतो ना? तिथे कॉकिंग पीस (फायरिंग पिनच्या मागच्या टोकाचा तुकडा) सीअरवर, म्हणजे ट्रिगरने सुटणाऱ्या खटक्यावर, अडकलेला असतो आणि तुम्ही मेनस्प्रिंग दाबत असता. ती दबलेली स्प्रिंग बोल्टला मागे रेटते. त्या रेट्याखालीच तुम्ही दांडा खाली वळवता आणि लगांचे मागचे चेहरे आपापल्या खाचेवर घासत वळतात. एकही गोळी न झाडता, प्रत्येक वेळी.

म्हणजे लग चकचकीत झाला याचा अर्थ रायफल चालवली, असा होत नाही. बोल्ट बंद केला, एवढाच होतो. दसऱ्याच्या दिवशी पुतण्यांनी आणि पाहुण्यांनी मिळून तो किती वेळा खटखटवला असेल याचा अंदाज करा. शंभर-दीडशे वेळा सहज. त्यात आदल्या दिवशी गंज काढायचं लिक्विड लावल्याने लगांवरचं तेल धुऊन गेलेलं. कोरड्या लगावरून एक मायक्रॉनचा थर जायला एवढं पुरेसं आहे. (आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पूजेला रायफल मांडा, पण परवाना तुमच्या नावावर आहे, मुलांच्या आणि पाहुण्यांच्या हातात ती जाता कामा नये.)

मग एकच बाजू का चकाकली? हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि पत्रात तुम्ही तो ओझरता लिहिला असला तरी माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन्ही लगांनी भार सारखा घ्यावा अशी अपेक्षा असते. एकच टेकत असेल तर गोळी झाडताना आधी सगळा धक्का त्याच्यावर येतो, रिसीव्हर थोडा ताणला गेल्यावर दुसरा टेकतो. जुन्या रायफलीत थोडी असमानता आढळते आणि तेवढ्याने ती लगेच धोकादायक ठरत नाही. पण न तपासता तिच्यातून गोळी झाडू नये.

घरच्या घरी प्राथमिक अंदाज घेता येतो. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, ‘ब्लू लावून मॅचिंग बघणं’ म्हणजे काय ते सांगेल. तेच करायचं. दोन्ही लगांचे मागचे चेहरे स्पिरिटच्या फडक्याने तेलमुक्त करा. प्रशियन ब्लू या निळ्या मार्किंग पेस्टचा अगदी पातळ हात बोटाने द्या, एवढा पातळ की खालचा धातू निळसर दिसेल, झाकला जाणार नाही. जाड लावलात तर तो सगळीकडे पसरतो आणि खोटं चित्र दिसतं. बोल्ट आत घाला, हळूच बंद करा, रायफल कॉक राहू द्या. त्या अवस्थेत स्प्रिंग लगांना मागे दाबून धरते. उघडा, परत बंद करा, असं पाच-सहा वेळा. मग बोल्ट काढा. जिथून निळा पुसला गेला तिथे धातू टेकतो. डाव्या लगावरचा पुसला आणि उजव्या पट्टीच्या टोकावरचा जसाच्या तसा राहिला, तर दुरुस्तीकाराकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा. दोन्हीकडे पुसला, भले कमीजास्त, तर उजव्या बाजूचा काळा थर एवढ्यात गेला नाही, इतकंच. चाचणी झाल्यावर ब्लू पूर्ण पुसून तेल लावा.

आता अंगठ्याचं नख त्या चकचकीत लगावरून ओढा, फिरण्याच्या दिशेने आणि आडवंही. नख काचेवरून जावं तसं गेलं तर ती नुसती झिलई आहे. अडकलं, कुठे ओरखडा-खड्डा लागला, किंवा कडेला धातू लोटून उभी राहिलेली बारीक धार लागली, तर धातूने धातू ओरबाडला आहे. कोरड्या लगांवर हे होतं आणि एकदा सुरू झालं की प्रत्येक फेरीत वाढतं. सोनाराकडचं दहापटीचं भिंग मिळालं तर रेषांची दिशाही पाहा. लगावर वळणाने उमटलेल्या रेषा कमानीसारख्या असतात आणि बोल्टच्या अंगावर पुढेमागे जाण्याने पडलेल्या रेषा सरळ लांब. या दोन्ही बोल्टच्या स्वतःच्या हालचालीच्या. कमानींना छेदून जाणाऱ्या, एकमेकींना समांतर, आखूड रेषा दिसल्या तर तिथे कुणीतरी पॉलिश पेपर किंवा कानस फिरवली आहे. तुमच्या संशयाला आधार द्यायचा असेल तर पुरावा हा. चकाकी नव्हे.

कॉकिंग पीसच्या खालच्या बाजूला, जिथे सीअर अडकतो, तिथेही एक उजळ रेघ असेल. ती असायलाच हवी. पण तिची कड गोलावलेली नको. रिकामी रायफल घेऊन बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा. ट्रिगरला बोट न लावता कॉकिंग पीस एकदाही पुढे सुटून गेला, तर रायफल दुरुस्तीला जाईपर्यंत तिच्यात काडतूस घालायचं नाही. या ॲक्शनचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो, आधी हलका आणि मग जड. जड टप्पा नाहीसा झाला असेल तर तेही सांगा.

दुसरी खूण, राखाडी डाग. हे डाग आहेत ते बोल्टच्या मागच्या अंगावर, जिथे काहीच घासत नाही. घासून गेलेला काळा रंग हळूहळू फिका होत जातो, त्याला कापल्यासारखी कड येत नाही. तशी कड येते ती ओल्या कापसाची हद्द जिथे संपते तिथे. बोल्ट हातात उभा धरून बघा. डागाच्या खालच्या बाजूला ओघळाचा आकार आहे का? असेल तर तुम्ही लिक्विड लावताना बोल्ट कसा धरला होता तेसुद्धा त्यावरून कळेल.

कारण अगदी साधं आहे. गंज काढायच्या बहुतेक लिक्विडमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं. ते लोखंडाचा ऑक्साइड विरघळवतं. तांबडा गंज हा लोखंडाचा ऑक्साइड, आणि बोल्टवरचा सुंदर काळा थरही लोखंडाचाच ऑक्साइड. आम्लाला दोघांत फरक करता येत नाही. गंज गेला, त्याच्याबरोबर काळेपणाही गेला, आणि मागे राहिला फॉस्फेटचा मळकट राखाडी पापुद्रा. लावल्या-लावल्या हे पुरतं दिसत नाही. ओलं असताना आणि तेलाच्या हाताखाली धातू गडदच भासतो. नीट धुतलं नसेल तर आम्लाचा अंश खाचांत राहून काम करत राहतो. तुम्ही पूजेच्या गडबडीत पुसलंत, पण धुतलंत असं पत्रात म्हटलेलं नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनीही हेच होतं. तांब्याच्या भांड्यासारखी रायफल चिंचेने घासणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

यावर उपाय आज करायला हवा. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा विरघळवा. फडकं त्यात भिजवून पिळा आणि राखाडी भाग, दांड्याचं मूळ, खाचा तीन-चार वेळा पुसा. मग साध्या गरम पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने तसंच पुसा. बोल्ट पाण्यात बुडवायचा नाही. पाणी आत मेनस्प्रिंगपर्यंत गेलं की बाहेर यायला वाट नसते. कोरड्या फडक्याने टिपून अर्धा तास उन्हात किंवा हेअर ड्रायरच्या कोमट हवेत ठेवा, आणि लगेच तेल. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. तांबूस डाग उठला तर सगळं परत एकदा.

तिसरी खूण, दांड्यावरचे लालसर ठसे. पहिला अंदाज कुंकवाचा, पण ते तेलाच्या फडक्याने निघून जातं. दुसरा गंजाचा. तो पांढऱ्या फडक्यावर भुकटीसारखा उतरतो. पुसूनही न जाणारा, गुलाबी-तांबूस, किंचित चमक असलेला आणि बोटांच्या आकाराचा ठसा असेल, तर मी तुमच्या बागेकडे बोट दाखवीन. बोर्डो मिश्रण बनवल्यावर त्यात लोखंडी सुरी किंवा विळा बुडवून बघता ना? पातं लालसर झालं की चुना कमी पडला, मोरचूद मोकळं राहिलं, असं समजता. बोल्टच्या दांड्याचं तेच झालं असण्याची शक्यता आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते ओल्या हाताने उघड्या लोखंडाला लागलं की लोखंडावर तांब्याचा पातळ थर बसतो. दसऱ्याच्या सुमाराला ऑक्टोबर छाटणी आणि फवारण्या चालू असतात, हात धुतले तरी नखांत आणि बोटांच्या रेषांत ते राहतं, आणि तुम्ही नुकताच आम्लाने धातू उघडा केलेला.

हा थर दिसायला किरकोळ असला तरी राहू देऊ नका. तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून असले की लोखंड जास्त लवकर गंजतं. नळीतलं तांबं काढायचं अमोनियायुक्त बोअर क्लीनर कापसावर घेऊन दोन मिनिटं टेकवा, कापूस निळसर झाला तर निदान पक्कं. मग पुसून, तेल. आणि रायफलीचं कपाट औषधांच्या खोलीत असेल तर ते आधी हलवा. गंधक आणि मोरचूद जिथे पोत्यांत असतं तिथली धूळ ओल धरते आणि पोलादाला खाते.

तर मग दुकानात कुणी गोळी झाडली का? त्याच्या खुणा लगांवर नाही, दुसरीकडे शोधायच्या असतात. बोल्टच्या डोक्याचा सपाट चेहरा पाहा: काडतुसाच्या टोपीच्या आकाराचं वर्तुळ, पितळेचा पिवळा लेप, फायरिंग पिनच्या भोकाभोवती काजळी. नळीच्या तोंडाशी टॉर्च धरून खोबणींच्या मधल्या भागात तांब्याचे पट्टे आहेत का बघा. पांढरं फडकं नळीतून काढलं तर काळं-राखाडी येतं का? वडिलांच्या वेळची जुनी काजळी तेलात मुरलेली, तपकिरी आणि चिकट असते. ताजी काळी आणि कोरडी. काडतुसं मोजून परवान्यातल्या नोंदीशी जुळवा. हे सगळं स्वच्छ असेल तर वापर झाल्याचा काहीही पुरावा तुमच्याकडे नाही. आणि तुमच्या पत्रातलाच घटनाक्रम सांगतो, की लिक्विड, कोरडा बोल्ट, खटखट, मोरचुदाचे हात, हे सगळं रायफल दुकानात जाण्यापूर्वी घडलं आहे. दोन महिने दुकानात तेलाविना पडून राहिल्याने ते ठळक झालं असेल. जमा शस्त्रांना तेलाचा हात फिरवायला हवा होता, एवढं तुम्ही दुकानदाराला जरूर म्हणू शकता. चोरीचा आरोप मात्र तूर्त करू नका.

आता अंबडचा कारखाना. तुमचा हेतू चांगला आहे, पण नको, आणि कारणं दोन.

पहिलं कायद्याचं. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्रांच्या व्याख्येत त्यांचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीसाठी तसा परवाना लागतो. ब्लॅकोडायझिंगवाला कितीही ओळखीचा असला तरी तुमचा बोल्ट त्याच्या बादलीत असताना तो आणि तुम्ही दोघंही अडचणीत याल. कुरिअरने पाठवणं तर सोडूनच द्या. शिवाय घासून चकचकीत करायच्या नादात नंबर पुसट झाला तर कलम ८ आडवं येतं. शस्त्रावरची ओळखखूण पुसणं, बदलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दुसरं धातूचं. कारखान्यात रोजचे नटबोल्ट काळे करताना आधी हायड्रोक्लोरिक आम्लात पिकलिंग, म्हणजे गंज-मळ काढायची बुडवणी, होतं. कडक केलेल्या पोलादात त्यातून हायड्रोजन शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. स्प्रिंग आणि कडक केलेले लग यांच्यासाठी ते सगळ्यात वाईट, कारण तडा बाहेरून दिसत नाही, भार आल्यावर कळतो. बोल्ट न उघडता बुडवला तर कॉस्टिक आत अडकतं. ब्लॅकोडायझिंगऐवजी कुणी काळं झिंक प्लेटिंग सुचवलं तर त्याची जाडी आठ-दहा मायक्रॉन भरते. ती लगांवर आणि आट्यांवर बसली की बोल्ट घट्ट होतो, घासून तिचे कण सुटतात, आणि ते कण लगांच्या खाचेत जातात. नव्याने काळा केलेला लग पन्नास वेळा बोल्ट बंद केल्यावर परत चकाकणारच आहे. घासणाऱ्या जागी काळेपणाचा काही उपयोग नाही, तिथे फक्त तेल कामाला येतं.

तेव्हा दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाकडे रायफल, परवाना आणि तुमची निरीक्षणं घेऊन जा. कामं या क्रमाने सांगा: हेडस्पेसची (काडतुसाच्या बुडामागच्या जागेची) गेजने तपासणी, दोन्ही लगांचं मॅचिंग, सीअर आणि कॉकिंग पीसची कड, बोल्ट उघडून आतली सफाई, आणि शेवटी राखाडी भागाला कोल्ड ब्लू (न तापवता लावायचं पोलाद काळं करणारं रसायन). हा क्रम उलटा करू देऊ नका. तुमचं काडतूस बुडाला कड असलेलं आहे, हेडस्पेस त्या कडेवर मोजतात, आणि गेज ३१५ चाच हवा. ‘डोळ्यांनी दिसतं, ठीक आहे’ म्हणणाऱ्याला पुढचं काम देऊ नका. लग घासून सारखे करतो असं कुणी म्हणालं तर थांबवा. कडक थर वरवरच असतो, तो घासला की खालचा मऊ धातू भार घेऊ लागतो आणि हेडस्पेसही वाढतं. कोल्ड ब्लू घासणाऱ्या जागी टिकत नाही, पण मागच्या अंगावरच्या डागांना तो पुरेसा आहे. त्यात बहुधा सेलेनियमचं विषारी संयुग असतं, म्हणून बाटली घरी आणून प्रयोग नकोत. मूळ रंगाशी तंतोतंत जुळणार नाही, किंचित निळसर-राखाडी दिसेल. ते मान्य करून घ्या.

घरी तुमच्या हातात आहे ते तेल. बोल्टच्या अंगावर दोन-तीन थेंब, फडक्याने सगळीकडे पसरून बोटाला जेमतेम ओलसर लागेल इतकं. दोन्ही लगांच्या मागच्या चेहऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस, लिथियमचं किंवा मॉलिब्डेनमचं. चेंबर आणि बोल्टचा पुढचा चेहरा मात्र कोरडा. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाची पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागे बोल्टवर येतो, आणि मागे लग असलेल्या या ॲक्शनला ते सोसत नाही. रॉकेलने पुसलं तर ते उडून जातं आणि धातू उघडा राहतो, त्यावर तेल हवंच. रेक्झिनच्या किंवा आतून मखमल असलेल्या पिशवीत कायम ठेवू नका, ती ओल धरते. कुलपाच्या कपाटात, पिशवीबाहेर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं, एरवी महिन्यातून एकदा. दसऱ्याला हळदकुंकू दस्त्याला किंवा नळीखालच्या लाकडाला लावा, बोल्टला नको, आणि त्याच संध्याकाळी पुसा.

पुढच्या निवडणुकीला परत जमा करायची वेळ येईल तेव्हा घरून निघण्याआधी बोल्ट काढून दिवसाच्या उजेडात आठ फोटो काढा: दोन्ही लग मागून, बोल्ट चारही बाजूंनी, पुढचा चेहरा, आणि दांड्यावरचा नंबर. दुकानात पावती करताना रायफलीच्या नंबराखाली बोल्टचा नंबर वेगळा लिहून घ्या, काडतुसांची संख्या आकड्यात आणि अक्षरात, आणि ‘तेल लावून दिली’ एवढे तीन शब्द. परत घेताना तिथेच, काउंटरवर, ते फोटो समोर ठेवून बोल्ट पाहा आणि मगच सही करा.